तोरण्यानंतर काय?

डूम मेटल नावाचा पाश्चात्त्य संगीतप्रकार ऐकायचा असेल तर जुलै महिन्यात वेल्ह्याला बसून ऐकावा, असं माझं मत आहे. हे मत मी एकदा सवाई गंधर्व महोत्सवात दरवर्षी शेजारी बसणाऱ्या मित्रांपुढे मांडलं. त्यांनी सहानुभूतीने चहा मागवला आणि विषय बदलला. म्हणून आता लिहून काढतो. कागदापुढे विषय बदलता येत नाही.

डूम मेटल ही हेवी मेटलची सगळ्यात संथ शाखा. गिटारी नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली उतरवून लावलेल्या, त्यांचा आवाज छातीत घुमणारा, आणि ड्रमवाल्याची लय चिखलणीच्या बैलांची: एक पाय उचलला की तो पुन्हा टेकेपर्यंत बघणाऱ्याने दोन वाक्यं बोलून घ्यावीत. गाण्यांचे विषय म्हणजे मृत्यू, पश्चात्ताप, ओसाड वाळवंट आणि देवाचं नेमकं काय चाललंय हा प्रश्न. वाळवंट सोडलं तर यातलं बाकी सगळं जुलैत वेल्ह्याला मुबलक असतं. धुकं सकाळी अकरालाही उठायला तयार नसतं. तोरणा समोर असतो हे केवळ विश्वासावर मानायचं. भाताच्या खाचरांतून लावणी चाललेली असते, तीही वाकून, एका ओळीत, मागे मागे सरकत. अशा ठिकाणी ढिंगच्याक गाणी लावली तर गाणंच लाजून बंद पडेल.

या संगीताचा जन्म मात्र बर्मिंगहॅमचा. टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा डावखुरा मुलगा तिथे पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं बनवली, ती बोटांवर चढवली आणि गिटार वाजवणं चालू ठेवलं. पुढे तारा सैल सोडल्या की बोटांना सोपं जातं म्हणून पट्टी खाली आली, आणि पट्टी खाली आली तसा आवाज जड झाला. एका अख्ख्या संगीतप्रकाराचं मूळ कारखान्यातल्या अपघातात सापडावं हे मला फार बरं वाटतं. आपल्याकडे घराण्यांच्या उगमकथांत इतका प्रामाणिकपणा नसतो.

आयोमीच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 रोजी आला. वार शुक्रवार, म्हणजे मुहूर्त पाहूनच काढलेला. त्यातलं पहिलं गाणं सुरू होतं ते पावसाच्या आवाजाने, आणि त्या पावसात दूरवर चर्चची घंटा वाजत असते. आता पुणे-बंगळूर रस्त्यावरून चेलाडी फाट्याला वळा आणि नसरापूरला बनेश्वराच्या देवळात जा. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देऊळ. तिथे एक घंटा आहे, तिच्यावर क्रूस आहे आणि 1683 हे साल आहे. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. श्रावणात, झाडांवरून पाणी निथळत असताना, एखाद्या भाविकाने ती वाजवली की डूम मेटलच्या पहिल्या अल्बमची पहिली काही सेकंदं जशीच्या तशी ऐकू येतात. बर्मिंगहॅमच्या पोरांच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी सामान आपल्याकडे येऊन पडलं होतं. गिटार तेवढी राहिली.

त्या गाण्यात पुढे जी सुरावट येते तिच्यातल्या दोन सुरांच्या अंतराला युरोपात सैतानाचं अंतर म्हणायची पद्धत आहे. मी पेटीवर ते वाजवून पाहिलं. षड्ज आणि तीव्र मध्यम! गाण्याच्या क्लासात आठ वर्षांच्या मुली दोन वेण्या घालून यमन गातात, त्या रोज संध्याकाळी सैतानाला बोलावत असतात आणि त्यांच्या आया बाहेर चपलांपाशी बसून भाजी निवडत असतात. सैतान काही येत नाही. आला तर त्याला तानपुरा लावायला सांगतील, या भीतीने असेल.

हे सगळं माझ्या डोक्यात भरवलं ते भाच्याने. तो पुण्यात इंजिनियरिंग शिकतो आणि उरलेल्या वेळात, म्हणजे बऱ्याच वेळात, बास गिटार वाजवतो. मित्रांबरोबर त्याने एक अल्बम काढला. ओळखीच्या मंडळींत तो गाजला, आणि तेव्हापासून बिचाऱ्याचं सुख गेलं. जो भेटेल तो विचारतो, "आता पुढचा कधी?" हा प्रश्न आपल्याकडे लग्न झालेल्या जोडप्यांना आणि एक पुस्तक आलेल्या लेखकांना विचारतात. उत्तर काहीही दिलं तरी विचारणाऱ्याचं समाधान होत नाही.

"मामा, लोकांना नेमकं काय हवंय तेच कळत नाही," तो म्हणाला. "तसंच केलं तर म्हणतात नवीन काय? नवीन केलं तर म्हणतात, पहिलं बरं होतं."

"हे नेमाड्यांना विचार," मी म्हटलं. 'कोसला' 1963 ला आली आणि 'बिढार' 1975 ला. बारा वर्षं लोक पुढचं कधी म्हणून विचारत होते, आणि आल्यावर निम्मे लोक म्हणाले, कोसला ती कोसला.

भाच्याने नेमाड्यांना विचारलं नाही. त्याऐवजी त्याने मला स्लीप नावाच्या बँडची गोष्ट सांगितली, आणि ती मला अशी काही चिकटली की मी हा लेख लिहायला बसलो.

स्लीप हा कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे गावचा तिघांचा बँड. अल सिस्नेरोस बास आणि गाणं, मॅट पाइक गिटार, ख्रिस हेकियस ड्रम. 1992 मध्ये त्यांचा 'स्लीप्स होली माउंटन' हा अल्बम आला आणि या क्षेत्रात त्याचं खूप कौतुक झालं. यात गंमत अशी, की त्यांनी कंपनीला नमुना म्हणून पाठवलेली टेपच कंपनीने अल्बम म्हणून बाजारात आणली. नमुन्यालाच दाद मिळाली! मग लंडन रेकॉर्ड्स या मोठ्या कंपनीने त्यांच्याशी करार केला आणि चांगली घसघशीत उचल दिली. उचल घेतलेल्या माणसाने काय करायचं असतं हे आपल्याकडे ऊसतोडीच्या मुकादमापासून सगळ्यांना ठाऊक आहे. या तिघांनी मोठमोठे अँप्लिफायर घेतले आणि बाकीच्या पैशांचा गांजा घेतला. मग ते नवीन अल्बमच्या कामाला लागले.

अल्बममध्ये गाणं एकच होतं. तासाभराचं.

स्टुडिओतल्या टेपच्या रिळात ते मावेना, म्हणून तुकड्यांनी मुद्रित करून जोडावं लागलं. पहिली आठेक मिनिटं शब्द येतच नाहीत. येतात तेव्हा कथा कळते ती अशी, की गांजाच्या भक्तांचा एक तांडा वाळवंटातून पवित्र भूमीकडे निघाला आहे. गिटारची एक जड ओळ पुन्हा पुन्हा येते, प्रत्येक वेळी किंचित वेगळी, आणि तांडा चालत राहतो. संथ चालीने, एका लयीत, पवित्र स्थळाकडे चाललेला जनसमुदाय म्हटल्यावर आपल्याला लगेच काय आठवतं ते मी इथे लिहिणार नाही. भोर तालुक्यात उगम पावणाऱ्या नीरेच्या पाण्यात पुढे खाली नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, त्या नदीच्या उगमाकडच्या माणसाने असल्या तुलना करू नयेत. शिवाय आपल्या मंडळींच्या खांद्यावर पताका असते. त्यांच्या खांद्यावर काय होतं ते वर आलंच आहे.

कंपनीने गाणं ऐकलं आणि हात टेकले. एका तासाचं एकच गाणं रेडिओवर कोण लावणार? दुसऱ्या माणसाकडून कापून-जोडून पाहिलं, तरी कंपनीचं मन होईना. अल्बम कपाटात गेला, बँड फुटला. 1999 मध्ये बावन्न मिनिटांची एक आवृत्ती 'जेरुसलेम' या नावाने बाहेर पडली, आणि 2003 मध्ये त्रेसष्ट मिनिटांचं पूर्ण गाणं 'डोपस्मोकर' या नावाने. तोपर्यंत वादक पांगले होते. आज डूम मेटलबद्दल बोलताना हा अल्बम टाळता येत नाही, आणि ज्या अल्बमचं आधी कौतुक झालं होतं त्याची ओळख बहुतेक वेळा 'डोपस्मोकरच्या आधीचा' अशी करून देतात.

हे मी भाच्यासोबत ऐकलं ते चेलाडी फाटा ते वेल्हे या रस्त्यावर. नसरापूर मागे पडलं तेव्हा गिटारची ओळ सुरू होती. मार्गासनीला सुरू होती. विंझरला तीच. वाटेत एका आजोबांना गाडीत घेतलं होतं, त्यांना वेल्ह्याला दवाखान्यात जायचं होतं. ते शांतपणे मागे बसून ऐकत होते. उतरताना म्हणाले, "भजन बरं हाय. टाळ न्हाईत त्यात." भाच्याला ही आजवरची सर्वांत चांगली समीक्षा वाटली. त्याने ती फोनमध्ये टिपून ठेवली.

मला त्या तासात काहीच प्रायोगिक वाटलं नाही, ही माझी अडचण. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकत मोठा झालेला माणूस मी. झुमऱ्याच्या चौदा मात्रा ते अशा पसरवतात की समेवर येईपर्यंत ऐकणाऱ्याच्या मनात संसाराचे दोन-तीन प्रश्न येऊन जातात. त्यांनी ही अतिविलंबित चाल किराण्याच्या अब्दुल वहीद खाँकडून उचलली. मागे तानपुरा तोच एक सूर धरून बसलेला असतो. मिरजेत तो घडवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या याच कामात आहेत. कॅलिफोर्नियात ज्या गोष्टीमुळे कंपनीने हात टेकले, ती आपल्याकडे डिसेंबरातल्या संध्याकाळी हजारो माणसं स्वेटर घालून, डब्यात थालीपीठ घेऊन ऐकायला येतात. जुन्या तीन मिनिटांच्या तबकड्यांच्या काळात आपल्याही गवयांना अख्खा राग घाईघाईने उरकावा लागला होता. म्हणजे अडचण सुरांची कधीच नव्हती. ती तबकडी विकणाऱ्याच्या घड्याळाची होती.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. ख्यालगायकाला कुणी 'पुढचं काय' विचारत नाही. पंडित भीमसेन जोशींना मैफल संपताना लोक 'जो भजे हरि को सदा'च मागत, पन्नासाव्यांदा ऐकणारेही. यमनचा दुसरा भाग कधी येणार, असं कुणी कुणाला विचारलेलं माझ्या ऐकण्यात नाही. तोच राग, तीच बंदिश, आणि दरवेळी ते नवीन. मला तर वाटतं, स्लीपच्या त्या तिघांनी नकळत हेच केलं. 'पुढचं काय' या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलंच नाही. ते एका ओळीपाशी बसले आणि तासभर उठले नाहीत. बाहेरून तो मोठा प्रयोग दिसला. आतून ते बहुतेक नुसतं बसणं होतं.

याला पुरावा म्हणून पुढची हकिगत. फुटलेल्या बँडमधल्या सिस्नेरोस आणि हेकियस यांनी पुढे नवा बँड काढला, त्याचं नाव ओम. त्यांच्या संगीतात यथावकाश तंबोरा आला. 2012 च्या अल्बमच्या नावात अद्वैत आलं, आणि त्यातल्या पहिल्या गाण्यात एक बाई चक्क महामृत्युंजय मंत्र म्हणते. भाच्याने मोठ्या कौतुकाने मला हे ऐकवलं. आतल्या खोलीतून ताई आली आणि म्हणाली, "हे काय, सोमवार आहे का आज?"

सगळ्यांचंच असं भलं होत नाही. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या पॅरडाइज लॉस्टचा 'ड्रॅकोनियन टाइम्स' 1995 मध्ये गाजला. मग त्यांनी 1997 आणि 1999 च्या अल्बमांत इलेक्ट्रॉनिक वाद्यं वाढवत नेली. चाहते चिडले. लांब केस वाढवलेल्या पुरुषांना की-बोर्डचा इतका राग का यावा हे मला अजून उमगलेलं नाही. गंमत म्हणजे 1999 च्या त्या अल्बमचं नाव 'होस्ट' होतं, आणि 2023 मध्ये त्यातल्याच दोघांनी त्याच नावाने वेगळा बँड काढून तशाच प्रकारचं संगीत पुन्हा केलं. या वेळी लोक शांतपणे ऐकत होते. चोवीस वर्षांत राग ओसरतो, हे मराठी कुटुंबांत वाटणीचे खटले लढलेल्यांना सांगायला नको.

सिअॅटलच्या बेल विच या दोघांच्या बँडने निराळाच मार्ग काढला. त्यांच्यात गिटार नाही, बास आणि ड्रम. 2017 चा त्यांचा 'मिरर रीपर' म्हणजे त्र्याऐंशी मिनिटांचं एकच गाणं, एका सीडीत न मावणारं. जुन्या सहकाऱ्याच्या मृत्यूच्या छायेत केलेलं, फार वाखाणलं गेलेलं. मग 2023 मध्ये पुढचं आलं. तेही त्र्याऐंशी मिनिटांचं एकच गाणं, आणि हा म्हणे तीन भागांतला पहिला भाग. लोक काय म्हणतील याची काळजी करण्यापेक्षा एवढ्या वेळात ऐकणाऱ्यालाच थकवून टाकावं, हा विचार मला पटला. आपल्याकडे सिनेमात चैतन्य ताम्हाणेने 'कोर्ट'नंतर सहा वर्षांनी 'द डिसायपल' केला, तोही ख्यालगायनाच्या साधनेत झिजणाऱ्या माणसावर, ख्यालाच्याच गतीने. व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार मिळाला. आमच्या इमारतीत मात्र 'जरा स्लो आहे' असा निकाल लागला. विलंबिताला स्लो म्हणणारी माणसं बनेश्वरला रांगेत उभी राहून घंटा वाजवण्याची घाई करतात तीच.

हे सगळं बोलणं वेल्ह्याच्या चहाच्या टपरीवर चाललं होतं. पाऊस जरा उघडला, आणि ढगातून तोरण्याची बुधला माची दिसली. 1403 मीटरचा, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. 1646 च्या सुमारास सोळा-सतरा वर्षांच्या शिवाजीराजांनी तो घेतला. स्वराज्याचा पहिला गड म्हणून तोरणा. बखरी सांगतात की गडाची डागडुजी करताना मोहरांचे हंडे सापडले. आता पुढे काय? बाकीच्या कुणीही काय केलं असतं ते सांगता येतं. तोरण्यालाच आणखी तट घातला असता, आणखी एक वाडा बांधला असता, आणि दरवर्षी लोकांना बोलावून हंडे सापडलेली जागा दाखवली असती. राजांनी ते धन शेजारच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर घातलं आणि राजगड उभा केला.

राजगड तोरण्यापेक्षा थोडा बुटका आहे. पण रचना अशी की तोरण्यावरून आलेला माणूस चकित होतो. मधे बालेकिल्ला, तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या. संजीवनीला तर तटाच्या आत तट, दुहेरी, टप्प्याटप्प्याने खाली उतरत गेलेला. सुवेळा माचीवर डोंगराला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात; ते निसर्गाने आधीच केलेलं, माची त्याला धरून बांधली. नंतर जवळपास पाव शतक कारभार तिथूनच चालला, मग राजधानी रायगडाला गेली. उंचीची स्पर्धा न लावता दुसरं मोठं करता येतं हे राजगडाकडे बघून कळतं, पण ते कळायला आधी तोरणा चढावा लागतो. महाराजांच्या कामाची बरोबरी मी कॅलिफोर्नियातल्या गंजेटी पोरांशी करतोय असं कुणी समजू नये. हंडे आणि उचल यांतला फरक मला समजतो. एवढंच सुचलं, की पहिल्या कामात सापडलेलं धन त्याच कामावर उधळू नये.

सरकारनेही यात बाजू घेतली. 2024 मध्ये वेल्हे तालुक्याला राजगड तालुका हे नाव देण्याचा निर्णय झाला. म्हणजे तालुक्याचं ठाणं तोरण्याच्या पायथ्याशी, आणि नाव मात्र दुसऱ्या गडाचं. तोरण्याच्या जागी एखादा गिटारवाला असता तर त्याने मुलाखत देऊन नाराजी व्यक्त केली असती.

भाच्याला मात्र हे काही मान्य नव्हतं. त्याच्या मते तोरणाच मूळ, बाकी सगळं त्याच्या पुढची कसरत. मी राजगडाच्या बाजूने बोललो. तो म्हणाला, संजीवनीच्या अळू दरवाजाने उतरून डोंगरधारेवरून बुधल्यापर्यंत चालत जाता येतं, एका दिवसात. तेव्हा हे दोन गड वेगळे मानणंच चूक आहे, हा एकच लांबलचक अल्बम आहे. मी म्हटलं, मग तुझा पुढचा अल्बम तसाच कर, पहिल्यावरून चालत दुसऱ्यावर जाता यायला हवं. तो विचारात पडला. म्हणजे किती मिनिटांचं गाणं, असा विचार असावा.

रविवारी तिघांनी मिळून कुठल्या तरी गडावर जायचं ठरलं. भाचा तोरण्यावर अडला, मी राजगडावर. दोन्ही पक्षांचे युक्तिवाद ऐकून घेत ताईने तिसरंच काढलं. भोरहून पुढे बाजारवाडीपर्यंत गाडी जाते, तिथून रोहिडा.

"रोहिडा कशाला?" भाचा म्हणाला.

"तासाभरात चढून होतो," ताई म्हणाली. "तुझं ते गाणं लाव, संपेपर्यंत वर."